तार चार बोटं खाली

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. घागर भरून झाली, तिच्यावर डांगर आणि आंबा ठेवून झाला, पितरांच्या नावानं सांजोरीचा घास बाजूला निघाला, जेवणं उरकली. चारच्या सुमाराला माय धुतलेलं पातळ घेऊन मागच्या अंगणात गेली. मी आणि वहिनी खाटेवर वाळत घातलेले बिबडे गोळा करत होतो. ऊन अजून भाजत होतं, बिबड्यांच्या कडा उचलताना कागदासारख्या वाजत होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "तार कोनी वर करी दिनी रे? मना हात पुरस नही." भाऊ घरातूनच म्हणाला, तारेला कोणी हात लावलेला नाही. मी उठून गेले. ओल्या पातळाचा पिळा खांद्यावर टाकून माय तारेखाली उभी होती, पदर भिजला होता, आणि तिच्या बोटांची टोकं तारेला जेमतेम टेकत होती. पकड बसत नव्हती. मी पक्कड आणि हातोडी आणली, न्हाणीच्या भिंतीतला खिळा उपटून चार बोटं खाली ठोकला, निंबाच्या फांदीकडची गाठही तेवढीच उतरवली. पाच मिनिटांचं काम. मायनं पातळ टाकलं, काठ सरळ केले आणि "आते कसं बरं व्हयनं" म्हणून आत गेली. आपण तिच्या उपयोगी पडलो याचं मला इतकं समाधान वाटलं की हातावरचा गंज मी मुद्दाम लवकर धुतला नाही.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एसटीत बसले. धुळं मागे पडलं, खिडकीतून कापसाची मोकळी शेतं पळत होती आणि डोळा लागता लागता एकदम मनात आलं, तार वर जाईल कशी? तार वापरानं झोळ खाते, खाली येते. वर जायचं तिला काही कारण नाही. आणि ती तार ज्या उंचीवर होती, ती उंची माझ्या वडलांनी ठरवली होती. मी तेव्हा तिसरीत-चौथीत असेन. न्हाणी नवीन बांधली होती, वडील हातात खिळा घेऊन उभे होते आणि मायला म्हणत होते, "हात वर कर." तिनं हात वर केला, बोटं दुमडली, आणि जिथं तिची मूठ सहज बसली तिथं त्यांनी कोळशानं खूण केली. टाचा उचलाव्या लागू नयेत, एवढाच हिशेब. वडील गेले, कोळशाची खूण चुन्याखाली गेली, पण खिळा तिथंच होता. म्हणजे ती तार म्हणजे तिशीतल्या मायची उंची होती. चाळीस वर्षं कोणी न पुसता भिंतीवर जपलेली. आणि मी ती पाच मिनिटांत उपटून टाकली होती.

माय चार बोटं कमी झाली होती.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फडताळातल्या वरच्या फळीवरचे डबे कधी खाली आले? वहिनीनं आणले, दोन-तीन वर्षांपूर्वी, कारण सासूबाईंना स्टुलावर चढू द्यायचं नव्हतं. देव्हारा भिंतीवरून काढून पाटावर कधी आला? भावानं आणला, कारण घंटा वाजवताना मायच्या खांद्यात कळ येते म्हणाली. पातळाच्या निऱ्या पायात येतात म्हणून मीच तिला सांगितलं होतं, एक मोड जास्त खोच. आम्ही सगळेच तिची काळजी घेत होतो. कोणी वाईट नव्हतं, कोणी दुर्लक्ष करत नव्हतं. घर तिच्या मापानं हळूहळू खाली आणत होतो, आणि माप का बदलतंय हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. एकटी गल्लीतली शिवणकाम करणारी बाई विचारून गेली होती. तिच्याकडे लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. त्यात गल्लीतल्या बायकांची मापं वर्षानुवर्षं उतरवलेली असतात. दोन वर्षांपूर्वी तिनं मायला म्हटलं होतं, मावशी, तुमची पाठ वाढली आणि पुढून आखूड झालं, जुन्या मापाचं पोलकं आता बसायचं नाही. पुढून चुण्या पडतात, मागून वर सरकतं. माय हसून म्हणाली होती, वय व्हयनं. मीही तिथं होते. मीही हसले होते. आज वाटतं, तिच्या अंगात काय चाललंय हे सगळ्यात आधी त्या बाईच्या टेपला कळलं होतं.

आमची आजी, मायची माय, कमरेत वाकलेली होती. काटकोनात म्हटलं तरी चालेल. आम्ही पोरं तिला कधी सरळ उभी पाहिलीच नाही. ती बोलताना मान तिरकी वर करून बोलायची, कोंबडी आकाशाकडे बघते तशी, आणि आमची समजूत होती की म्हाताऱ्या बाया अशाच असतात. केस पांढरे होतात तशी पाठ वाकते. गावात तशा पाच-सहा जणी होत्या. बोरी नदीच्या पात्रात कपडे धुवायला निघाल्या की लांबून काठीच आधी दिसायची. एका पावसाळ्यात आजी आमच्याच घराच्या उंबरठ्याला अडखळून पडली. उंबरठा वीतभर उंच. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा शहरात नेऊन ऑपरेशन करायची ऐपत नव्हती आणि एवढ्या वयात कशाला, असंही सगळे म्हणाले. ती खाटेवर पडली, पाठीला जखमा झाल्या, चौथ्या महिन्यात गेली. "पडली आणि गेली," असं आम्ही अजून सांगतो. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांतलं पाचातलं एक तरी वर्षाच्या आत जातं, हे आता मला माहीत आहे. आपल्याकडे हे हाड पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी मोडतं, हेही. पण तेव्हा आजीचं वाकणं आणि आजीचं पडणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नाही. वाकणं हे वय होतं, पडणं हे नशीब होतं.

नाशिकला उतरल्या उतरल्या मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती डॉक्टर आहे. तारेची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती, मग तिनं विचारलं, "मागच्या काही वर्षांत काकूंचं कुठलं हाड मोडलं होतं का?" मी नाही म्हणणार होते. पण मोडलं होतं की. अडीच वर्षांपूर्वी, श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी. अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. आम्ही शेवाळाला दोष दिला, भावानं अंगणात फरशी बसवून घेतली. प्लास्टर निघालं आणि गोष्ट संपली. ज्यानं प्लास्टर घातलं त्यानंही पुढं काही विचारलं नाही. मैत्रीण म्हणाली, उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता पडून मोठ्या माणसाचं हाड मोडलं तर ते शेवाळामुळे मोडलं असं म्हणून सोडायचं नसतं. धडधाकट हाड तेवढ्यानं मोडत नाही. मनगट ही बहुतेक वेळा पहिली घंटा असते. ती वाजली की मणका आणि खुबा वाचवायला वेळ असतो.

"आणि पाठ? कधी एकदम धरली होती का?"

धरली होती. मागच्या माघात. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाली होती, अर्धं पोतं ओट्यावरून आत ओढायला माय वाकली आणि तिथंच बसली. उसण भरली म्हणाली. गावात उसण भरली की काय करतात ते खानदेशात कुणाला सांगायला नको. पलीकडच्या गल्लीतला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, पोरगा बोलावला, दहावीतला. त्यानं दाराशी उभं राहून लाजत लाजत मायच्या कमरेला पाय लावला, माय पालथी पडून "हाय वं माय" म्हणत होती. तो पोरगा बिचारा हलक्या पायाचा होता. त्यानं जोर केला असता तर, हा विचार आता रात्री कधीतरी येतो. मग तालुक्याला नेलं. तिथं सांगितलं, मणक्यात गॅप आहे. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, तीन इंजेक्शनं दिली. मणक्यात गॅप हा शब्द आमच्याकडे इतका रुळलाय की त्यापुढे कुणी काही विचारत नाही. प्रत्येक घरात एक गॅप आहे, प्रत्येक घरात खुंटीला एक पट्टा लटकलेला आहे. दीड महिन्यानं दुखणं उतरलं आणि आम्ही गॅप भरली असं समजलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा गावी गेले. मैत्रिणीनं दोन साध्या गोष्टी करून बघायला सांगितल्या होत्या. मायला म्हटलं, भिंतीला पाठ लावून उभी राहा, टाचा भिंतीला, नजर समोर. मधल्या घराची भिंत नुकतीच चुन्यानं पोतलेली होती. ती उभी राहिली, लहान पोरीसारखी, हात दोन्ही बाजूला. मी तिच्या डोक्यामागे हात घातला. माझी मूठ आत गेली. तिनं मान मागे टेकवायचा प्रयत्न केला तर हनुवटी वर गेली, डोकं तरी टेकलं नाही. मग ती बाजूला झाली आणि तिच्या पोलक्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, चुन्याचा एक पांढरा गोल उमटलेला दिसला. फक्त तेवढाच. अंबाड्याला चुन्याचा कण नव्हता. अंबाडा डोक्याच्याही मागे असतो ना, तोसुद्धा भिंतीपर्यंत पोचला नव्हता. मी पदरानं तो डाग झटकला आणि झटकताना बोटांना पाठीचा तो उंचवटा लागला. पोलक्याखाली, मानेच्या जरा खाली. या पाठीवर मी किती वर्षांत हात फिरवला नव्हता.

दुसरी गोष्ट वावेची. तरुणपणी मायची उंची किती होती हे कुठंच लिहिलेलं नाही. शाळेत ती चौथीपर्यंत होती, तिथं कोण मोजणार. पण माणसाची वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, ही तरुणपणीच्या उंचीच्या आसपास असते. पाठ खचली तरी हाताची हाडं आखूड होत नाहीत. मैत्रिणीनं हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मायनं आयुष्यभर वावेनंच मोजलं होतं. विहिरीचा दोर किती वाव, खाटेची सुंभाची दोरी किती वाव. भावानं एका टोकाला टेप धरला, मी दुसऱ्या. १५५ सेंटीमीटर. मग उंची मोजली. १४८. माणसामाणसात थोडा फरक असतोच, टेप इकडेतिकडे सरकतो, हे मला कळतं. पण मी तारेजवळ जाऊन माझी चार बोटं टेपावर ठेवली. सात सेंटीमीटर.

नाशिकला आणलं. अर्ध्या तिकिटात खिडकीशेजारी बसून, वाटेत धुळ्याला फक्त पाणी पीत. दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी मायला उभं केलं आणि मला म्हणाल्या, तुम्हीच बघा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं ठेवा. तीन-चार बोटं आरामात बसायला हवीत. एक बसलं, दुसरं कसंबसं. बरगडी जवळजवळ कमरेवर येऊन टेकली होती. मग मला तिच्या जेवणाचं उमजलं. वर्षभर ती अर्धी भाकरी ताटात ठेवत होती आणि "भूकच मोडनी" म्हणत होती. कळण्याची भाकरी आणि ठेचा म्हणजे जिचा जीव, ती. भूक मोडली नव्हती, पोटाला जागाच उरली नव्हती. आणि गल्लीतल्या बाया तिला पोट सुटलं म्हणून चिडवत होत्या, तेही त्यामुळेच. पाठ खचली की पोट पुढं येतं, दुसरीकडे जाणार कुठं.

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरांनी दाखवलं. मणके विटांसारखे चौकोनी असतात. पाठीतल्या बाराव्या मणक्याची आणि त्याच्या खालच्याची पुढची बाजू चेपून पाचरीसारखी झाली होती. गॅप नव्हती, वीटच खचली होती. एक बहुधा माघातली, दादरच्या पोत्यापाशी खचलेली. दुसरी कधी खचली ते मायला कळलंही नाही. अशा खचणाऱ्या मणक्यांतले दोन तृतीयांश तरी कळतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. थोडी पाठ दुखते, माणूस झेंडू बाम लावतो, कामाला लागतो. दोन सेंटीमीटर उंची गेली तरी विचारायला यायला हवं, तुमच्या आईची सात गेली.

मग त्यांनी पाळी कधी गेली ते विचारलं. माय माझ्याकडे बघायला लागली. तिची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली होती. मी तेव्हा दहावीला होते, मला आठवतं. अंगावरून जायचं, डॉक्टरनं पिशवी खराब आहे सांगितलं, काढून टाकू म्हणाले. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या आणखी तिघींची निघाली. पिशवी निघाली म्हणजे कटकट गेली, बाई शेतात बाराही महिने कामाला मोकळी झाली, असंच सगळे म्हणायचे. बायासुद्धा. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, नुसती पिशवी काढली की दोन्ही बाजूचे बीजकोशही? मायला माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. कागद होते ते वडील गेल्यावर कधीतरी गेले. बीजकोश काढले की हाडांना सांभाळून धरणारं स्त्रीचं संप्रेरक जवळजवळ एकदम बंद होतं, नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचं वय पुष्कळदा अलीकडे येतं. म्हणजे जे पन्नाशीच्या आसपास सुरू व्हायचं ते तिच्या अंगात कदाचित अडतिसाव्या वर्षी सुरू झालं. तेहतीस वर्षं. मला राग आला, आणि तो कुणावर करायचा ते कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

आमचं घर पूर्वी धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं होतं. दरवर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर नवी खारी माती पसरावी लागायची. पावसानं जेवढी वाहून गेली तेवढी टाकली की घर कोरडं. वडील आजारी होते त्या दोन वर्षांत माती टाकली गेली नाही. बाहेरून घर तसंच दिसायचं, भिंती शाबूत, दार शाबूत. तिसऱ्या वर्षी मधल्या खोलीत गळायला लागलं आणि मग छताला धरणारा एक सर वाकला. हाडांचंही असंच चाललेलं असतं म्हणे. जुनं हाड खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं भरणाऱ्या वेगळ्या. तिशीपर्यंत भर जास्त असते. मग बरोबरी. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत खरवड एवढी वाढते की हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. बाहेरून काही दिसत नाही, आतून दुखत नाही. दुखतं ते मोडल्यावर. पुरुषांनाही हे चुकत नाही, फक्त उशिरा येतं. आमचे मोठे काका दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायचे, त्याही हाडं पोखरतात, ते शेवटी शेवटी आजीसारखेच वाकले होते. तेही आम्ही दम्यावरच घातलं.

डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजायची, तपासणी दहा-पंधरा मिनिटांत झाली. मायला वाटलं होतं नळकांड्यात घालतील. तसं काही नव्हतं, सपाट फळीवर झोपवलं, वरून एक दांडा सावकाश सरकत गेला. कागदावर आकडा आला, उणे ३.१. हा आकडा कशाशी ताडून काढतात ते विचारलं तर कळलं, तरुण निरोगी बाईच्या हाडांशी. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली उणे २.५ ही रेघ ओढली, तिच्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली. उणे १ पासून तिथपर्यंत वाट उताराची. वर्षापूर्वी गावात मोफत शिबिर झालं होतं, त्यात टाचेवर यंत्र लावून मायला "कॅल्शियम कमी" असा कागद मिळाला होता आणि गोळ्यांची पट्टी. ती पट्टी देव्हाऱ्यामागे तशीच सापडली. टाचेचं यंत्र ही नुसती चाळणी, तिच्यावर निकाल लागत नाही. पण चाळणीत अडकलेलं पुढं पाखडायला हवं होतं. आम्ही कागद घडी करून ठेवून दिला.

कॅल्शियमचं म्हणाल तर आमच्या घरात दूध कधी कमी नव्हतं. दोन म्हशी होत्या. सकाळचं डेअरीला, संध्याकाळचं वडलांना आणि पोरांना. मायच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. तिला कोणी नको म्हटलं नव्हतं, तिनंच कधी पेला भरून घेतला नाही. भाकरी दादरची, चवीला जगात तोड नाही, पण ज्वारीत कॅल्शियम बेताचं. नागली, म्हणजे नाचणी, त्या मानानं श्रीमंत, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण ती सातपुड्याकडच्या लोकांचं अन्न, आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या सत्त्वापुरती यायची. आणि ऊन? ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथल्या बाईच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघतं, हे मला आधी खरंच वाटेना. पण जे ऊन हे सत्त्व तयार करतं ते दहा ते तीनचं, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं. त्या वेळी आम्ही दारं लोटून, ओली चटई टाकून आत असतो. शेतात असलो तरी डोक्यावरून पदर, वर शर्ट, तोंडाला फडकं. आणि मायची मशेरी. सकाळ-संध्याकाळ. तंबाखू हाडांना मारक आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं मान हलवली, पण डबी अजून उशाशी आहे. तिच्याकडून ती काढून घ्यायला माझा हात होत नाही. अडतिसाव्या वर्षी तिच्याकडून जे काढून घेतलं ते आठवतं.

आता सोमवारी तिची हाडांची गोळी असते. आठवड्यातून एकदा. आधी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व भरून काढलं, मूत्रपिंड पाहिलं, हलणारा दात काढून जबडा भरू दिला, मगच सुरू केली. पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहासुद्धा नाही. नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो. सोमवार तिनंच निवडला, महादेवाचा उपास असतो म्हणून. वाकलेली पाठ आता सरळ होणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. पुढचा मणका आणि खुबा वाचवायचा. घरातला उंबरठा भावानं काढून टाकला. सुतार लाकूड उचकटत होता तेव्हा माय दुसरीकडे बघत होती. तिच्या आईचा पाय त्याच लाकडाला अडकला होता.

मागच्या सोमवारी मी गावी होते. माझं पोलकं शिवायचं होतं म्हणून ती बाई निळी वही घेऊन घरीच आली. मी एकोणपन्नासची, माझी पाळी गेलं वर्षभर मागेपुढे होतेय. तिनं छाती घेतली, बाही घेतली, पाठ घेतली, पेन्सिल कानावरून काढून लिहिलं. मी म्हटलं, माझी उंचीही लिही. ती म्हणाली, पोलक्याला उंची कशाला लागते? मी भिंतीला टाचा लावून उभी राहिले, तिनं टेप वरून खाली सोडला, वहिनीनं पायापाशी धरला. १५७. तिनं ते आकडे माझ्या नावापुढे लिहिले आणि खाली तारीख घातली. मग तिनं स्वतःच वहिनीला म्हटलं, तुम्ही पण या. बाहेर ओट्यावर माय ताठ बसली होती, जेवढं बसता येतं तेवढं ताठ, दोन्ही हात मांडीवर, नजर आतल्या घड्याळावर. चहा उकळल्याचा वास तिच्यापर्यंत पोचला असावा, कारण तिथूनच तिचा आवाज आला, "आखो पाच मिनिटं बाकी से."